रुलबुक कसं वाचायचं: 'रीसायकल रश'चं एक परीक्षण

पीएचडीची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "ताई, पेपर क्रिटिकली वाचायचा म्हणजे नेमकं काय करायचं?" आज याचं उत्तर पेपरऐवजी एका खेळाच्या नियमांवरून देते. खेळाचे नियम आणि प्रयोगाची आखणी ही जवळची भावंडं आहेत. काय मोजायचं हे दोन्हीकडे आपण ठरवतो, आणि समोरचा बरोबर तेवढंच करून दाखवतो.

इंजिनिअरिंगवाल्यांना एबीयू रोबोकॉन माहीत असेल. २००८ मध्ये ती पुण्यात झाली, तेव्हा खेळ दहीहंडीवर बेतलेला होता. अमेरिकेत सुरू झालेली 'फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन' शाळकरी मुलांसाठी आहे आणि तिथेही दरवर्षी नवा खेळ असतो. २०१५ चा खेळ होता 'रीसायकल रश'.

खेळ असा. तीन-तीन रोबोटच्या दोन युत्या, अडीच मिनिटांचा सामना, त्यातले पहिले १५ सेकंद रोबोट आपले आपण चालणार. प्लास्टिकचे क्रेट एकावर एक रचायचे, वर हिरवा कचऱ्याचा डबा ठेवायचा आणि डब्यात फोमची नळी खोचायची. मैदानाच्या मधोमध एक बुटकी पायरी. ती ओलांडून पलीकडे जायचं नाही, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला अडवणं, धडका देणं बंद. साखळी फेरीत क्रमवारीसुद्धा जिंकण्या-हरण्यावर नव्हती, सरासरी गुणांवर होती.

आधी चांगलं सांगते. नव्या टीमचा कसाबसा उभा केलेला रोबोट पहिल्याच धडकेत मोडायचा धोका या खेळात नव्हता. साखळी फेरीत दोन्ही युत्यांनी मिळून पिवळे क्रेट पायरीवर एकावर एक रचले तर दोघांनाही ४० गुण मिळायचे. विरोधकाला मदत करण्यात आपला फायदा, ही कल्पना मला मनापासून आवडते.

आता कॅल्क्युलेटर काढा. एका क्रेटचे २ गुण, म्हणजे सहा क्रेटच्या थप्पीचे १२. थप्पीवरच्या डब्याला प्रत्येक थराचे ४ गुण, म्हणजे सहाव्या थरावर २४. नळीचे ६. एकूण ४२. त्याच थप्पीवर डबा नसेल तर? फक्त १२! क्रेट रचण्याचं सगळं कष्टाचं काम १२ गुणांचं आणि वर एक डबा ठेवला की तिप्पट-साडेतिप्पट.

बरं, डबे किती? प्रत्येक युतीच्या बाजूला तीन आणि मधल्या पायरीवर दोघांत मिळून चार. आपले तीन डबे वापरले की १२६ गुण. पुढे वाढायचं असेल तर पायरीवरचे डबे हवेत, आणि ते पहिल्या क्षणापासून दोघांनाही मोकळे. झालं काय, तगड्या टीम्सनी सामना सुरू होताच डबे ओढून घेणारे हात बनवले. मुलांनी त्यांना नावच ठेवलं, 'कॅन बर्गलर', म्हणजे डबेचोर. वाहतुकीच्या वेळी रोबोट २८ बाय ४२ बाय ७८ इंचांत मावावा एवढीच मापाची अट होती. मैदानावर तो कितीही पसरू शकत होता, त्यामुळे लांब हातांना आडकाठी नव्हती. तगड्या सामन्यांत अडीच मिनिटांचा खेळ सेकंदाच्या एका तुकड्यावर येऊन ठेपला.

माझा आक्षेप इथे आहे. धडकाधडकी काढली म्हणून चुरस संपली नाही. जी वस्तू सगळ्यात कमी आणि सगळ्यात मोलाची, तिच्याभोवती ती गोळा झाली. नियम करणाऱ्याने बंदी कशावर आहे हे पाहिलं, टंचाई कशाची आहे हे पुरेसं पाहिलं नाही.

मग नियम कसा बदलायचा? पहिली कल्पना: डब्याचे थरामागे ४ ऐवजी २ गुण. थप्पी ४२ वरून ३० वर येते, पण डब्याविना ती १२ चीच राहते. शर्यत सौम्य होईल, जाणार नाही. दुसरी: चारातले दोन-दोन डबे वाटून द्यायचे. शर्यत गेली, पण युत्या एकमेकींशी भिडतील अशी शेवटची जागाही गेली. उरली शेजारी-शेजारी बसून दिलेली परीक्षा. तिसरी: पायरीवरचा डबा घ्यायचा तर आधी आपली एक थप्पी पूर्ण हवी. ही मला बरी वाटते, कारण शर्यत जिंकायला रचण्याचं कौशल्यच लागतं. अडचण एकच: थप्पी पूर्ण झाली हे पंचांना चालू सामन्यात तपासावं लागेल.

पुढच्याच वर्षी, २०१६ च्या 'स्ट्राँगहोल्ड' खेळात, अडवाअडवी परत आली. क्रमवारीत विजयाला गुण मिळू लागले आणि ठरावीक कामं पूर्ण केल्याबद्दल वेगळे गुणही. मला ही वाट जास्त प्रामाणिक वाटते. चुरस नाकारायची नाही, तिला जागा नेमून द्यायची.

आता हे सगळं तुम्हाला का सांगतेय? कारण हीच चूक मी केली आहे. पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझा प्रयोग होता, रोबोटच्या हाताने डब्यातल्या वस्तू उचलण्याचा. मी मोजत होते एकच गोष्ट: उचलण्याच्या किती टक्के प्रयत्नांना यश आलं. आकडा मस्त चढत गेला. गाइड मॅडमनी आलेख पाहिला आणि विचारलं, "डब्यात उरलं काय?" उरल्या होत्या सगळ्या अवघड वस्तू. माझा प्रोग्रॅम सोप्या वस्तू उचलून थांबायला शिकला होता, कारण न केलेल्या प्रयत्नाला मी शिक्षाच ठेवली नव्हती. चार महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं. प्रोग्रॅमची चूक काहीच नव्हती. माझं रुलबुक चुकलं होतं.

म्हणून पुढचा पेपर हातात घ्याल तेव्हा निष्कर्षाकडे धावू नका. आधी मोजमापाचा भाग काढा आणि कागदावर लिहा: या नियमांत सगळ्यात कमी कष्टात पूर्ण गुण मिळवणारा आळशी रोबोट कसा असेल? तो तुम्हाला दहा मिनिटांत सुचला, तर लेखकांनी त्याला कुठे अडवलंय ते शोधा. अडवलेलं नसेल तर तुमचा पहिला प्रश्न तयार आहे. आणि स्वतःच्या प्रपोजलला हा प्रश्न गाइडनी विचारायच्या आधी तुम्हीच विचारा. माझे चार महिने गेले, तुमचे वाचू देत.