माहितीपत्रकातील विशेषणे आणि भूगोलाचे अध्यापन

कुमारवयीन विद्यार्थ्यांना पर्यटनाच्या द्वारे भूगोल शिकविताना त्यांच्याकडून माहितीपत्रक तयार करवून घेण्याचा उपक्रम लोकप्रिय आहे. त्यामुळे वर्गात चैतन्य येते, हे खरे. परंतु त्यातून भूगोल कितपत शिकला जातो, हा प्रश्न उरतोच. महाबळेश्वराचे पत्रक उदाहरणादाखल घ्यावे. ‘निसर्गरम्य’, ‘थंड हवेचे’ ही त्यातील विशेषणे माथेरानलाही तितकीच लागू पडतात. जे विशेषण कोणत्याही स्थळाला चालते, त्याने कोणत्याच स्थळाचे वर्णन होत नाही. याउलट, विद्यार्थ्याला वाटाड्याची भूमिका द्यावी. महाबळेश्वरी वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडत असता, पूर्वेस सुमारे २० किलोमीटरांवरील पाचगणीत तो निम्म्याहूनही कमी का, हे प्रवाशाला समजावून देताना त्याला सह्याद्रीची कड, नैर्ऋत्य मोसमी वारे आणि पर्जन्यछाया यांचा आधार घ्यावाच लागतो. एकाच डोंगरमाथ्यावरून कृष्णा पूर्वेकडे व सावित्री पश्चिमेकडे का जाते, हे नकाशावर दाखवावे लागते. तेथे विशेषण निरुपयोगी ठरते आणि ‘कारण’ हे अव्यय अपरिहार्य होते. वर्ग किती रमला, यावरून उपक्रमाचे मूल्य ठरविण्याची रीत म्हणूनच अपुरी होय. विद्यार्थ्यांच्या वाक्यांत कार्यकारणभाव किती उतरला, हे तपासले पाहिजे.