दीनबंधूंचे चरित्र आणि न लिहिला गेलेला अर्ज

बंकिमचंद्र चट्टोपाध्याय मराठी वाचकाला 'आनंदमठ'मुळे परिचित आहेत. 'नीलदर्पण' नाटकाचे कर्ते दीनबंधू मित्र यांचे जे छोटेखानी चरित्र त्यांनी १८७७ साली लिहिले, ते त्या मानाने दुर्लक्षित राहिले आहे.

दीनबंधू १८५५ साली पाटण्यास पोस्टमास्तर झाले. पुढे टपाल कचेऱ्यांचे तपासनीस म्हणून ओरिसा, नदिया, ढाका असा त्यांचा अखंड प्रवास सुरू झाला. १८६० साली 'नीलदर्पण' निघाले तेव्हा त्यावर कर्त्याचे नाव नव्हते. 'कोणी एक पथिक' एवढाच उल्लेख होता. (इंग्रजी भाषांतराबद्दल १८६१ साली रेव्हरंड जेम्स लाँग यांना एक महिन्याची कैद आणि एक हजार रुपये दंड झाला. त्या भाषांतराच्या प्रती सरकारी लखोट्यांतून, सरकारी टपालानेच रवाना झाल्या होत्या!) या भ्रमंतीतून नाटककाराला माणसे मिळाली, असे समीक्षक सांगतात. बंकिमचंद्रही तेच सांगतात आणि ते खरे आहे.

परंतु त्याच भ्रमंतीने या माणसाला झिजवले, हेही बंकिमचंद्र नोंदवतात. अवघड कामगिरी निघाली की दीनबंधूंचीच नेमणूक व्हायची. १८७१ साली लुशाई मोहिमेच्या डाकेची व्यवस्था लावण्यासाठी त्यांना काछाडला धाडण्यात आले. बदल्यात 'रायबहादूर' हा किताब मिळाला; १८७३ साली, चाळिशी नुकतीच ओलांडलेली असताना, ते वारले. ते बंगाली नसते तर पोस्टमास्तर जनरल झाले असते, असे बंकिमचंद्र स्वतः सरकारी नोकरीत असताना उघडपणे लिहितात. हे धैर्य लहान नव्हे.

तरीही माझा आक्षेप येथेच आहे. बंकिमचंद्र आपल्या मित्रासाठी वरची खुर्ची मागतात. तपासनिसाचा मुलूख दोघांत वाटून द्यावा, जोडीला आणखी एक माणूस नेमावा, ही मागणी त्यांच्या लेखणीतून उतरत नाही. वेतनाची श्रेणी आणि मानमरातब यांचा हिशेब निबंधात आहे. ओझ्याचा उपाय नाही. सरकारला मात्र हा व्यवहार सोयीचा होता. किताबाला खर्च नाही, दुसऱ्या अधिकाऱ्याला दरमहा पगार द्यावा लागतो. शिवाय त्या अधिकाऱ्याच्याही खाली खांद्यावर डाकेची थैली घेऊन धावणारा हरकारा होता. निबंधाचा रोख त्याच्याकडे वळत नाही.

रवींद्रनाथांच्या 'पोस्टमास्टर' (१८९१) या कथेतील तरुण निदान बदलीचा अर्ज करतो. तो नामंजूर होतो आणि तो राजीनामा देतो. त्याला कामाचा भार नव्हता, एकटेपणा होता. पण मागणे होते. दीनबंधूंच्या चरित्रात ते मागणे कोणीच केलेले दिसत नाही.

'नीलदर्पण' वाचणाऱ्याने हे चरित्र सोबत घ्यावे, आणि त्यातील नोकरीविषयीचा मजकूर नाटककाराची किरकोळ माहिती समजून ओलांडू नये.