रेल्वेचा भोंगा ट्रकला कशाला?

मंडळी, राजूरमध्ये बोलतोय, म्हणून दारातल्या कोल्हार-घोटी रस्त्यापासूनच सुरुवात करतो. घाटातल्या वळणावर हॉर्न दिलाच पाहिजे, त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती ट्रकवर रेल्वेसारखा भोंगा बसवण्याच्या हौसेला.

रेल्वेचा भोंगा एवढा मोठा का? तिला रूळ सोडून वळता येत नाही आणि ब्रेक लावला तरी ती लगेच थांबत नाही. म्हणून ती दुरूनच सांगते, तुम्ही सरका. ट्रकला तर स्टिअरिंग आहे. तरी तो तसा भोंगा लावतो, तेव्हा तो इशारा देत नाही, हुकूम सोडतो.

आता गंमत बघा. हा भोंगा दाबलेल्या हवेवर वाजतो, आणि मोठ्या ट्रकचे ब्रेकही हवेवरच चालतात. ब्रेकच्या टाकीला नळी जोडून भोंगा वाजवायचा, म्हणजे थांबायची हवा ओरडण्यात घालवायची! घाट उतरताना हे परवडेल का?

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११९ वा नियम कर्कश आणि अनेक सुरांच्या हॉर्नला मनाई करतो. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ट्रकमागच्या 'हॉर्न ओके प्लीज'वरही बंदी घातली. पाटी पुसता येते हो, हौस कशी पुसणार?

राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. रस्त्याकडेनं चाललेल्या बैलामागे असा भोंगा वाजला, तर बिथरलेला बैल चाकाखालीही येईल. ज्यानं अपघात टाळायचा, त्यानंच तो घडवला, तर त्याला हॉर्न कसं म्हणायचं?