धोटा, कामगार आणि जात : मराठी साहित्यातील औद्योगिक समाज

औद्योगिक समाजाच्या उदयाची चर्चा करताना एक विधान हमखास केले जाते. यंत्रयुगाने खेड्यातील जातिबद्ध माणसाला शहरात आणून ‘कामगार’ बनविले, असे ते विधान होय. मुंबईतील गिरण्यांचा इतिहास आणि कामगारजीवनावरील मराठी साहित्य एकत्र वाचले असता या विधानाचा पुनर्विचार करणे अगत्याचे ठरते.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापिलेल्या कंपनीच्या गिरणीत १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले. पुढे रत्नागिरी, सातारा या जिल्ह्यांतून रोख मजुरीच्या आशेने माणसांचा ओघ मुंबईकडे वळला. मात्र गावाशी असलेले नाते तुटले नाही. पगारातील रक्कम गावी जाई, बायकामुले बहुधा गावीच राहत, आणि भरती करणारा जॉबर आपल्याच गावची, नात्याची, जातीची माणसे आणी. यंत्र नवे होते. यंत्रापर्यंत पोहोचण्याची वाट जुनीच होती.

याचा सर्वांत ठळक पुरावा साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, सापडतो. धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याने तोंड लावल्यास धोटा विटाळतो, या सबबीवर त्याला विणकामात प्रवेश नाकारला जाई. अधिक मजुरी मिळे ती नेमकी याच खात्यात. म्हणजे विटाळाची किंमत दरमहा पगारातून वसूल होत होती! १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे लावून धरला. मामा वरेरकरांच्या गिरणी कामगारांवरील कादंबरीचे नाव ‘धावता धोटा’ असे आहे. गिरणीच्या गतीचे प्रतीक म्हणून हा शब्द मराठी वाचकाच्या मनात रुजला. परंतु तो धोटा कोणाच्या हाती जाऊ शकत नव्हता, हा प्रश्न समीक्षेने क्वचितच विचारला.

या पार्श्वभूमीवर नारायण सुर्वे यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) हा कवितासंग्रह आणि बाबूराव बागुल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) हा कथासंग्रह शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक आहे. सुर्वे यांना तान्हेपणी रस्त्यावरून उचलून एका गिरणी कामगाराने वाढविले. ज्याला जन्माचे कूळ ठाऊक नाही, त्याच्यासाठी ‘कामगार’ हेच कूळ ठरते. त्यांच्या कवितेतील ‘मी’ इतक्या सहजतेने ‘आम्ही’ होतो, त्याचे मूळ येथे असावे. हा विश्वास उसना नाही, तो जगलेला आहे. म्हणूनच त्याला घोषणाबाजी म्हणून बाजूला सारणारी टीका अन्यायकारक वाटते. तथापि हा विश्वास सर्व कामगारांचा अनुभव होता, असे मानणे हीदेखील चूकच.

बागुलांच्या शीर्षककथेचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी गेलेला आहे. तोही कामगारच, आणि त्याच्या मनातही नव्या जगाविषयी उत्साह आहे. पण राहण्यासाठी खोली मिळविताना त्याला जात लपवावी लागते, आणि ती उघड होताच त्याच्यावर हात उगारला जातो. कारखाना त्याला काम देतो, पण निवारा मात्र जातच ठरविते. कामाची पाळी आणि राहण्याची खोली यांमधील हे अंतर बागुलांनी जेवढ्या नेमकेपणाने पकडले, तेवढे औद्योगिकीकरणावरील अनेक सामाजिक-आर्थिक ग्रंथांनाही साधलेले नाही.

अध्यापनाच्या सोयीसाठी सुर्वे ‘कामगार कविता’ या घटकात आणि बागुल ‘दलित साहित्य’ या घटकात घातले जातात. वर्गीकरण म्हणून ते चुकीचे नाही. परंतु त्यामुळे अवघ्या एका वर्षाच्या अंतराने प्रसिद्ध झालेली आणि एकाच औद्योगिक समाजाविषयी परस्परांना छेद देणारी साक्ष देणारी ही दोन पुस्तके विद्यार्थ्याच्या हाती एकत्र येत नाहीत. एका घटकात त्याला जात नसलेला कामगार भेटतो आणि दुसऱ्या घटकात कारखाना नसलेला दलित.