पाच दिवसांची खाती

सॉफ्टवेअर प्रशिक्षणाच्या कार्यशाळेत ३० शिक्षकांना मिळून एकच 'गेस्ट' खाते देणे सोयीचे खरे, पण शिकवण्याच्या दृष्टीने वाईटच. एकाने जतन केलेली फाइल दुसऱ्याचे काम पुसते, आणि चूक नेमकी कोणाची हे शिकवणाऱ्याला कळत नाही.

लिनक्समध्ये प्रत्येकाला वेगळे खाते देणे अवघड नाही. 'यूझरॲड' या आज्ञेला मुदतीची तारीखही देता येते. संयोजक इथवर येतात आणि थांबतात. मुदत संपली की फक्त प्रवेश बंद होतो. खाते आणि फाइली तशाच राहतात. पुढे केव्हातरी कोणीतरी नुसती नावे खोडून टाकते. आता गंमत पाहा. लिनक्स फाइलीचा मालक नावाने नव्हे, तर क्रमांकाने ओळखते. साध्या वापरकर्त्यांचे क्रमांक बहुधा १००० पासून सुरू होतात. शेवटची खाती खोडली, की तेच क्रमांक पुढच्या कार्यशाळेतल्या नव्या खात्यांना मिळतात. मग एखाद्या बाईंनी सरावासाठी आणलेली वर्गाची गुणपत्रिका भलत्याच माणसाच्या मालकीची होते! 'यूझरडेल'ला 'आर' हा पर्याय जोडला तर होम फोल्डरही जाते. सामायिक फोल्डरमधल्या फाइली मात्र शोधूनच काढाव्या लागतात.

अर्थात पुसण्याची घाईही नको. शिक्षक शाळेत परतल्यावर उघडून पाहणार ते स्वतः केलेले काम. ते पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायला शेवटचा अर्धा तास राखून ठेवायला हवा. सध्या तो समारोपाच्या भाषणांत जातो.