व्हिफचा तक्ता: पुरावा नक्की कशाचा?

मल्टिकास्टवरच्या प्रोजेक्ट रिपोर्टांत एक स्क्रीनशॉट हमखास सापडतो. राउटरवरच्या व्हर्च्युअल इंटरफेसचा, म्हणजे व्हिफचा, तक्ता, आणि खाली ओळ: ‘मल्टिकास्ट राउटिंग यशस्वी.’ तुम्ही पीएचडीच्या तयारीत असाल तर ही ओळ लिहिण्याआधी जरा थांबा. तो तक्ता एवढं सांगतच नाही.

आधी तक्ता वाचू. लिनक्समध्ये ‘प्रॉक’च्या ‘नेट’ फोल्डरात ‘आयपी-एमआर-व्हिफ’ नावाची फाइल असते. त्यात प्रत्येक व्हिफची एक ओळ: इंटरफेसचं नाव, आत आलेले बाइट व पॅकेट, बाहेर गेलेले बाइट व पॅकेट, फ्लॅग, लोकल आणि रिमोट पत्ता. व्हिफ म्हणजे खरं नेटवर्क कार्डच असं नाही, तो टनेलही असू शकतो. 1992 मध्ये एमबोन उभं राहिलं ते अशा टनेलच्या जोरावरच, कारण मधल्या राउटरांना मल्टिकास्ट कळत नव्हतं. फ्लॅग 1 असेल तर टनेल, 4 असेल तर पिमचा रजिस्टर इंटरफेस.

आता त्यातल्या उणिवा.

पहिली: फ्लॅगमध्ये लिंक चालू की बंद हे कुठेच नाही. ओळ दिसते याचा अर्थ राउटिंग डीमनने तो व्हिफ कर्नलकडे नोंदवला, इतकाच. केबल निघाली तरी कर्नल आपणहून ती ओळ काढत नाही.

दुसरी जास्त गंभीर आहे. पॅकेट चुकीच्या इंटरफेसवरून आलं तर कर्नल ते पुढे पाठवत नाही, आणि व्हिफच्या ‘आत आलेले’ या आकड्यातही ते धरत नाही. म्हणजे मल्टिकास्टमधला सगळ्यात नेहमीचा बिघाड इथे दिसतच नाही. तो शेजारच्या ‘आयपी-एमआर-कॅश’ या फाइलीत, ‘राँग’ नावाच्या रकान्यात असतो.

तिसरी किरकोळ, पण घोटाळा करणारी: पत्ते हेक्सात असतात आणि साध्या पीसीवर उलटे दिसतात. 192.168.1.1 हा पत्ता 0101ए8सी0 असा छापला जातो.

आपल्या सेलूकडच्या वाचकाला हे समजायला अवघड नाही. निम्न दुधनाच्या कालव्यावर गेट उघडल्याची नोंद रजिस्टरात झाली म्हणून टेलच्या शेतकऱ्याला पाणी मिळालं, असं कोणी मानत नाही. तो शेतात जाऊन बघतो. तुम्हीही रिसीव्हरवर जाऊन मोजा.

मग तक्ता निरुपयोगी का? अजिबात नाही. समजा, ‘आत’चा आकडा वाढतोय आणि ‘बाहेर’चा जागचा हलत नाही. तर कॅशमध्ये बाहेर जाणारे व्हिफ नोंदले आहेत का ते बघा. नोंदले असतील तर टीटीएलवर संशय घ्या. सॉकेटचा मल्टिकास्ट टीटीएल मुळात 1 असतो, आणि राउटरने पुढे पाठवायचं तर तो व्हिफच्या थ्रेशोल्डपेक्षा जास्त लागतो. इतकं नेमकं निदान हा तक्ता दोन आकड्यांत सुचवतो.

प्रयोगाला महागडा राउटर लागतो, ही सबब चालणार नाही. एका लॅपटॉपवर तीन नेटवर्क नेमस्पेस करा: सेंडर, राउटर, रिसीव्हर. दोन्ही फाइली पाठवण्याआधी आणि नंतर साठवा. आकडे व्हिफ नोंदवल्यापासूनचे एकूण असतात, म्हणून फरक काढा. 1000 पॅकेट पाठवली तर रिसीव्हरला किती मिळाली ते वेगळं मोजा. मग मुद्दाम टीटीएल 1 करून बघा, चुकीच्या इंटरफेसवरून पाठवून बघा, आणि कोणता रकाना हलला ते टिपून ठेवा.

रिपोर्टमध्ये हे तिन्ही आकडे शेजारी-शेजारी द्या: व्हिफ, कॅश, रिसीव्हर. व्हायव्हात ‘हे कशावरून?’ असं विचारलं, तर नुसत्या स्क्रीनशॉटकडे बोट दाखवायची वेळ येणार नाही.