ट्रेझर आयलंड (दूरचित्रवाणी-चित्रपट)

रॉबर्ट लूई स्टीव्हन्सन (१८५०–९४) ह्या स्कॉटिश साहित्यिकाच्या *ट्रेझर आयलंड* (१८८३) ह्या साहसकादंबरीवर आधारलेला अमेरिकन दूरचित्रवाणी-चित्रपट. जानेवारी १९९० मध्ये टीएनटी ह्या वाहिनीवरून तो प्रथम प्रक्षेपित झाला. पटकथा व दिग्दर्शन फ्रेझर हेस्टन ह्यांचे असून, त्यांचे वडील चार्ल्टन हेस्टन ह्यांनी लाँग जॉन सिल्व्हर ह्या एकपायी चाच्याची, तर क्रिस्टियन बेल ह्यांनी जिम हॉकिन्झची भूमिका केली.

जहाजावरील मनमिळाऊ स्वयंपाकी सिल्व्हर हाच बंडाचा सूत्रधार आहे, हे सफरचंदांच्या पिंपात लपलेल्या जिमला कळते. पुढे बंडात सामील न होणाऱ्या एका खलाशाचा सिल्व्हरने केलेला निर्घृण खूनही तो पाहतो. तरीही सिल्व्हरविषयीची त्याची ओढ पुरती नाहीशी होत नाही. कादंबरीचा खरा पेच हाच आहे. वॉल्ट डिझ्नीच्या १९५० च्या चित्रपटात रॉबर्ट न्यूटन ह्यांनी रंगविलेला सिल्व्हर लोकप्रिय झाला; परंतु अखेरीस जिमच त्याला पळून जाण्यास हातभार लावतो, असे दाखविल्यामुळे हा पेच भाबड्या जिव्हाळ्यात विरून गेला. मूळ कादंबरीत सिल्व्हर मोहरांची एक थैली चोरून जिमच्या नकळत निसटतो.

हेस्टन ह्यांनी ही गोडगोड परंपरा नाकारली, हे त्यांच्या चित्रपटाचे मोठेच श्रेय होय. त्यांचा सिल्व्हर कठोर, धूर्त व धाकदपटशा करणारा आहे. मात्र त्याच्या क्रौर्याइतका त्याचा लाघवीपणा प्रत्ययास येत नाही. परिणामी प्रेक्षक त्याला भितो, पण त्याच्यावर लुब्ध होत नाही आणि जिमची द्विधा मनःस्थिती काहीशी सांगोवांगीची वाटते. बेल त्या वेळी पंधरा वर्षांचे होते. त्यांचा जिम बालकापेक्षा तरुणाच्या अधिक जवळचा असल्याने त्याचे धाडस पटते. पितृछत्र हरपलेल्या मुलाचे परावलंबित्व मात्र उणावते. शिवाय कादंबरीचे बहुतेक निवेदन जिमच्या आठवणींतून येते. ते बेट त्याला पुढेही दुःस्वप्नांतून छळते. जिमला बाहेरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला ही स्मृतींची छाया फारशी पकडता आलेली नाही.

दुय्यम भूमिकांत ऑलिव्हर रीड (बिली बोन्झ) व क्रिस्टोफर ली (आंधळा प्यू) विशेष प्रभावी ठरतात. त्यांच्यामुळे सरायीतील पूर्वार्ध बेटावरील भागापेक्षा अधिक भयप्रद झाला आहे. पॅडी मोलोनी ह्यांच्या संगीतात आयरिश लोकवाद्यांचा उपयोग आढळतो. ‘हिस्पॅनिओला’ म्हणून वापरलेले शिडाचे जहाज मुळात *म्यूटिनी ऑन द बाउंटी* (१९६२) ह्या चित्रपटासाठी बांधलेले होते. २०१२ मध्ये ते सँडी चक्रीवादळात बुडाले.